पहिलं पुस्तक छापण्याआधी: वाचनालयाच्या टेबलामागून काही सूचना

वाचनालयात परत आलेलं पुस्तक कपाटात लावण्याआधी मी उघडून बघायचे. पान फाटलंय का, कुणी पेनाने काही खरडलंय का, एवढंच बघायचं असायचं. पण हे करता करता दुसरंच काही दिसू लागलं. वाचक जिथे थांबतो तिथे काहीतरी विसरून जातो. बसचं तिकीट, औषधाच्या दुकानाचं बिल, लग्नपत्रिकेचा तुकडा, नाहीतर नुसता दुमडलेला कोपरा. एका तीनशे पानी कादंबरीत मला चार सभासदांच्या चार खुणा सापडल्या, चारही पान ४२ ते ५० च्या मध्ये. तिथे लेखकाने गोष्ट थांबवून नायकाच्या घराण्याच्या सात पिढ्यांची हकिकत सांगायला घेतली होती. तिघांनी काही न बोलता पुस्तक परत केलं होतं. चौथे एक आजोबा होते. ते एवढंच म्हणाले, "पुढं सरकूनच नाही राहिलं ना बाई ते," आणि दुसरं पुस्तक घेऊन गेले.

नागपुरातल्या एका छोट्या वाचनालयात एकवीस वर्षं मी पुस्तकांची देवघेव सांभाळली. ते काम सुटल्यावर ओळखीपाळखीतले नवे लेखक हस्तलिखितं वाचायला देऊ लागले. कथा, कादंबऱ्या, आठवणी, प्रवासवर्णनं, सगळं येतं. लिहायचं कसं हे मी शिकवू शकत नाही. वाचक पुस्तक कुठे मिटतो, हे मात्र मी जवळून बघितलं आहे. ती जागा छपाईआधी सापडली तर दुरुस्त होते, छपाईनंतर सापडून उपयोग नसतो. खालच्या पायऱ्या त्या शोधासाठी आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- हस्तलिखिताची कागदावरची प्रत. अक्षर मोठं, दोन ओळींत भरपूर जागा, पानांना क्रमांक
- दोन रंगांची पेनं: एक चुकांसाठी, एक शंकांसाठी
- पात्रांची यादी: नाव, वय, नातं, गाव
- गोष्टीतल्या घटनांची तारीखवार नोंद आणि त्या वर्षांची दिनदर्शिका
- एक चांगला मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाचे नियम
- दुसऱ्यांच्या ओळी वापरल्या असतील तर त्यांची लेखी परवानगी
- तुमचं कौतुक करणं ज्यांच्यावर बंधनकारक नाही असे तीन वाचक

शेवटची गोष्ट मिळायला सगळ्यात कठीण असते. तिच्याबद्दल सातव्या पायरीत लिहिलं आहे.

१. लिहून झालं की महिनाभर हात लावू नका

काल लिहिलेलं आज वाचलं की डोळ्यांना मनातलं दिसतं, कागदावरचं दिसत नाही. महिना जमत नसेल तर निदान पंधरा दिवस तरी जाऊ द्या. प्रकाशकाला तारीख देऊन बसला असाल तर तारीख पुढे ढकला. वाट बघणारा वाचक असेल तर तो आणखी महिनाभर थांबतो.

२. मोठ्याने वाचा, आणि अडखळाल तिथे खूण करा

मनातल्या मनात वाचू नका. दार लावा, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा आणि सगळं पुस्तक तोंडाने वाचा. दिवसाला वीस-पंचवीस पानं पुरेत. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांब आहे. जिथे जीभ अडते तिथे शब्द उसना आहे. जिथे तुम्हालाच वाटतं की हा परिच्छेद पटकन उरकावा, तिथे वाचक तो परिच्छेद गाळणार आहे हे धरून चाला.

एका मुलाने मला त्याची कथा दिली होती. तिची सुरुवात अशी होती: "फुटाळ्याच्या रम्य, मनोहर काठावर सांजवेळी मंद मंद वाऱ्याची झुळूक अंगाला अलगद स्पर्श करत असताना त्याच्या मनात असंख्य विचारांचे काहूर माजले होते." मी त्याला ते माझ्यासमोर मोठ्याने वाचायला लावलं. 'काहूर'पर्यंत पोचेतो त्याचा आवाज आपोआप खाली आला. तिसऱ्या पानावर मात्र एक वाक्य होतं: "बाबांनी कूलरमध्ये पाणी भरणं सोडलं, तेव्हाच आईला कळलं की ते आता या घरात राहणार नाहीत." हे वाचताना तो कुठेच अडखळला नाही. मे महिन्यात नागपुरात राहिलेल्या माणसाला कूलरच्या पाण्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. बाहेर ४५ अंश असताना जो माणूस घरच्यांसाठी बादली उचलत नाही, त्याचं मन घरातून उठलेलं आहे. मी म्हटलं, कथा इथून सुरू कर. आधीची दोन पानं त्याने काढून टाकली आणि त्यातली कामाची तीन वाक्यं पुढे योग्य जागी बसवली.

लक्षात ठेवण्यासारखा सापळा: जोडीने येणारी विशेषणं. रम्य आणि मनोहर, शांत आणि निवांत, भकास आणि उदास. दोन्ही एकच काम करतात, एक काढा. तसंच टिंबं. वाक्याच्या शेवटी तीन टिंबं दिली म्हणजे भावना खोल होत नाही. एका हस्तलिखिताच्या एकाच पानावर मी अशी चौदा ठिकाणं मोजली होती. त्या पानावर आई वारते आणि मला रडू यायला हवं होतं. माझं सगळं लक्ष टिंबांकडे गेलं.

३. वाचकाला दारात ताटकळत ठेवू नका

शुभेच्छा, अभिप्राय, प्रस्तावना, प्रकाशकाचं निवेदन, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश. हे सगळं ओलांडून गोष्ट पान ३१ वर सुरू होणारी पुस्तकं मी दाखल करून घेतली आहेत. सभासद टेबलापाशी उभ्याउभ्या पुस्तक चाळतो, त्या दोन मिनिटांत त्याला तुमचा आवाज ऐकू यायला हवा. तिथे तिसऱ्याच माणसाची स्तुती ऐकू आली तर तो पुस्तक खाली ठेवतो.

प्रस्तावना हवीच असेल तर एक, आणि तीत शेवट फुटलेला नसावा. प्रस्तावनेतच खुनी कोण ते कळल्यामुळे परत आलेली एक रहस्यकथा मला आठवते. मनोगत दोन पानांत आटपा. ऋणनिर्देश शेवटी टाकला तरी कुणी रागावत नाही. मनोगतात "ही माझी पहिलीच, अल्पशी कृती गोड मानून घ्यावी" असं लिहू नका. पुस्तक वाचायला घेतलेल्या माणसाला ते सुरुवातीलाच शंकेत टाकतं.

४. पात्रांची नावं एकमेकांपासून लांब ठेवा

सुनंदा, सुनीता आणि सुमन या तीन जावा एका घरात असू शकतात, खऱ्या आयुष्यात असतातही. पुस्तकात मात्र वाचक नावाचं पहिलं अक्षर बघून पुढे सरकतो. पात्रांची यादी अक्षरवार लावून बघा, एकाच अक्षराखाली दोन मोठी पात्रं आली तर एकीचं नाव बदला. एकाच माणसाला कधी अण्णा, कधी देशपांडे, कधी मास्तर म्हणत असाल तर पहिल्या दोन प्रकरणांत ते जुळवून द्या.

५. गाव खरं असेल तर ते तपासा

ही पायरी नवे लेखक सर्रास गाळतात आणि स्थानिक वाचक इथेच पुस्तकावरचा विश्वास गमावतो. आपल्या नागपुराबद्दलच्या, हस्तलिखितांत मला भेटलेल्या काही चुका सांगते, म्हणजे किती बारीक बघावं लागतं ते कळेल.

एका कादंबरीत १९५५ साली नागपूरचा तरुण "आपल्या राज्याच्या राजधानीला, मुंबईला" नोकरीसाठी निघतो. १९५५ साली नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. आपण मुंबई राज्यात गेलो १ नोव्हेंबर १९५६ ला आणि महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. ज्या घरात आजोबा त्या काळी सचिवालयात कारकून होते, त्या घरात ही चूक पहिल्याच वाचनात सापडणार. खरं तर त्या लेखकाच्या हाती केवढा ऐवज होता. राजधानीचं शहर एका वर्षात राजधानी राहत नाही, खाती हलतात, माणसं बदलीवर जातात, बिऱ्हाडं मोडतात. तारीख तपासली असती तर त्याला एक अख्खं प्रकरण मिळालं असतं. पुढे त्याने ते लिहिलं, आणि माझ्या मते पुस्तकातलं तेच सगळ्यात चांगलं प्रकरण आहे.

दुसऱ्या एका कथेत २०१५ साली नायिका बर्डीहून मेट्रोने घरी जाते. नागपूरची मेट्रो २०१९ च्या मार्चमध्ये धावू लागली. तिसरीत ऐन दिवाळीत संत्र्याच्या बागेला बहर येतो आणि फुलांचा वास सुटतो. आंबिया बहराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृग बहराची जून-जुलैत. दिवाळीच्या सुमारास आंबियाची फळं तोडणीला आलेली असतात. काटोल किंवा वरुडचा वाचक असेल तर त्याने तिथेच पुस्तक मिटलं म्हणून समजा.

मारबत, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने निघणारा मोठा पुतळा, पोळ्याच्या दिवशी निघत नाही, दुसऱ्या दिवशी निघते. लहान मुलांचा तान्हा पोळाही त्याच दिवशी. काळी आणि पिवळी मारबत या दोन वेगळ्या. १९५६ ची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबरला झाली आणि तो विजयादशमीचा दिवस होता. त्यामुळे दरवर्षी दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी दसऱ्याला असते. या गोष्टी इथल्या माणसाला पाठ असतात. तुम्ही दुसऱ्या गावाबद्दल लिहीत असाल तर तिथल्या एका माणसाला फक्त हेच तपासायला द्या: वर्ष, ऋतू, सण, रस्ता, वाहन.

६. बोली वापरायची तर कानाने वापरा

नागपूरचा माणूस ऑटो म्हणतो, रिक्षा म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर सायकलरिक्षा येते. तो बर्डीला जातो. सीताबर्डी हे नाव पत्त्यात लिहायचं. तो भाजीत आलू घालतो आणि वरून सांबार पेरतो. पुण्यातल्या वाचकाला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं वाटेल, म्हणून काही लेखक लगेच कंसात 'कोथिंबीर' लिहितात. कंस टाकू नका. "सांबाराची जुडी निवडता निवडता मावशी म्हणाली" एवढं लिहिलंत की कुणालाही कळतं.

खरी अडचण संवादात येते. एकच पात्र एका ओळीत "मले काहून बोलावलं?" म्हणतं आणि दोन ओळींनंतर "मला ते अजिबात पसंत नाही" असं प्रमाण मराठीत बोलतं. माणूस कुणाशी बोलतोय त्यावर बोली बदलते हे खरं. घरात "येऊन राहिला" म्हणणारा मुलगा मुलाखतीत "येतो आहे" म्हणतो. तसं दाखवायचं असेल तर जाणून दाखवा, वाचकाला ते फार आवडतं. पण चुकून झालेली सरमिसळ लगेच ओळखू येते.

माझ्या जिव्हाळ्याची एक गोष्ट इथे सांगून टाकते. वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलणारं पात्र फक्त हसवायला आणू नका. घरकाम करणारी बाई आणि ऑटोवाला यांच्याच तोंडी बोली, आणि डॉक्टर, प्राध्यापक, नायिका सगळे प्रमाण भाषेत, अशी पुस्तकं मी पुष्कळ वाचली. आमच्या वाचनालयात निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या. सुंदर, नेमकं वऱ्हाडी बोलायच्या आणि त्याच भाषेत कवितेवर बोलायच्या. त्या म्हणायच्या, "मी कोण्या पुस्तकात भेटूनच नाही राहिली." त्यांना भेटवा.

७. तीन वाचकांना द्या, आणि नेमके प्रश्न विचारा

घरच्यांना दिलं तर ते "छान आहे" म्हणतील. कवी मित्राला दिलं तर तो त्याच्या पद्धतीने सुधारून देईल. तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिलं तसेच तीन वाचक शोधा. शेजारच्या वाचनालयात जाऊन टेबलामागच्या माणसाला विचारा, नियमित वाचणारे सभासद त्याला नक्की माहीत असतात.

"कसं वाटलं?" हा प्रश्न विचारू नका, त्याला खरं उत्तर मिळत नाही. त्याऐवजी हे विचारा:

- कुठल्या पानावर पहिल्यांदा पुस्तक खाली ठेवलं? का?
- कुठलं पात्र कोण, ते आठवायला मागे जावं लागलं?
- कुठला भाग गाळून पुढे गेलात?
- कुठल्या गोष्टीवर विश्वास बसला नाही?
- वाचून आठ दिवस झाल्यावर काय लक्षात राहिलं?

उत्तर मिळाल्यावर बचाव करू नका. "तिथे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडातून निघालं की समोरचा गप्प होतो आणि पुढचं खरं सांगत नाही. लिहून घ्या, आभार माना, घरी या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करा. एकानेच ठेवलं तर विचार करा. उपाय मात्र तुमचा तुम्हीच शोधा. वाचकाला दुखतं कुठे ते अचूक कळतं, औषध त्याने सांगायचं नसतं.

८. मुद्रितशोधन दुसऱ्याकडून, आणि शेवटच्या प्रतीवर

१९६२ साली मान्य झालेले शुद्धलेखनाचे नियम मोजके आहेत, एका दुपारी वाचून होतात. उज्ज्वल, महत्त्व, आशीर्वाद, परीक्षा, दीड हे शब्द आधी तपासा, निम्म्या चुका तिथेच असतात. बोलीतल्या संवादांना हे नियम लावायला जाऊ नका, आणि मुद्रितशोधकालाही तसं आधी सांगून ठेवा. नाहीतर तो 'मले' खोडून 'मला' करतो.

एक सापळा नव्या लेखकांना ठाऊक नसतो. मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेताना काही अक्षरं मोडतात. सगळ्यात जास्त मोडतो तो चंद्रकोरीसारखा अर्धा र. 'करणाऱ्या'चं 'करणार्या' होतं, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. फाइल बदलली की ही अक्षरं शोधून बघाच, आणि मांडणी पूर्ण झालेल्या शेवटच्या प्रतीवरच बघा. आधीच्या प्रतीवर केलेलं शोधन पुढे कुणीतरी चुकीची फाइल उघडली की वाया जातं. एका लेखिकेच्या बाबतीत असंच झालं. पुस्तक हातात घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच पानावर तिच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं, आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केलेलं होतं.

दुसऱ्या कवीच्या ओळी प्रकरणाच्या डोक्यावर घेतल्या असतील तर परवानगीचं बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. आणि मोबाइलवर आलेली ओळ एखाद्या संताच्या नावावर खपवू नका. अभंग पाठ असलेले वाचक अजून आहेत, आणि त्यांना ते फार लागतं.

९. पुस्तक हातात धरून बघा

आमचे निम्म्याहून जास्त सभासद साठीच्या पुढचे होते. पानं वाचवायला अक्षर बारीक केलं की ते पुस्तक त्यांच्यासाठी संपलं. बांधणीकडचा समास पुरेसा ठेवा, नाहीतर ओळीचा शेवटचा शब्द शिवणीत जातो आणि वाचक पुस्तक दाबून दाबून उलगडतो. सहा महिन्यांत पानं सुटतात. छापून आलेल्या गठ्ठ्यातल्या पाच-सहा प्रती पान-पान उलटून तपासा. पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांनी बांधलं जातं, एखादा फर्मा राहतो किंवा दोनदा लागतो.

पुस्तकाची ओळख पटवणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी चौकशी करा. कथासंग्रहात कुठली कथा आधी कुठे आली होती ते लिहा. जुनाच संग्रह नव्या नावाने काढला असेल तर ते पहिल्या पानांवर स्पष्ट छापा. एका ताईंनी वर्गणीतले पैसे वाचवून आवडत्या लेखकाचं 'नवं' पुस्तक विकत घेतलं आणि घरी गेल्यावर बाराच्या बारा कथा वाचलेल्या निघाल्या. त्यांनी त्या लेखकाचं पुस्तक पुन्हा घेतलं नाही.

मुखपृष्ठ आणि मागचा मजकूर ठरवण्याआधी एकदा दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांशी तासभर उभे राहा. लोक लांबून, रात्रभर प्रवास करून आलेले असतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. संविधानाच्या प्रती, बाबासाहेबांचं लेखन, लहान मुलांसाठी पातळ पुस्तिका. त्यांचे हात बघा. आधी मुखपृष्ठ, मग मागची बाजू, मग पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून चार ओळी, मग किंमत. मधलं कुठलंही पान उघडलं तरी चार ओळी धरून ठेवतील का, हे तुमच्या पुस्तकात घरी करून बघा.

१०. पुस्तक आल्यानंतर

भेटप्रत दिलेल्या माणसाला "वाचलं का?" असं विचारू नका, एकदाही नाही. ज्याने वाचलं नाही तो तुम्हाला टाळायला लागतो आणि ज्याने वाचलं तो स्वतःहून बोलतो. प्रकाशन समारंभात पाच भाषणं ठेवण्यापेक्षा पुस्तकातली चार पानं स्वतः वाचा. 'भाग पहिला' असं छापलं असेल तर दुसरा भाग लिहून तयार असू द्या. आमच्या कपाटात दुसऱ्या भागाची वाट बघणारे पहिले भाग होते आणि सभासद वर्षानुवर्षं विचारत राहायचे.

वाईट अभिप्राय आला तर उत्तर देऊ नका. चूक दाखवणारा आला तर मात्र जरूर द्या. १९५५ च्या चुकीचा तो लेखक आता आपल्या पुस्तकाची एक प्रत वेगळी ठेवतो. वाचकांनी दाखवलेल्या चुका त्या त्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहितो, शेजारी सांगणाऱ्याचं आडनाव आणि गाव. मागच्या वेळी ती प्रत मला दाखवायला आणली तेव्हा तीत सतरा नोंदी होत्या. त्यातल्या तीन काटोलच्या एकाच वाचकाच्या होत्या, आणि दुसऱ्या आवृत्तीचं हस्तलिखित सगळ्यात आधी त्यांनाच वाचायला द्यायचं असं त्याने ठरवलं आहे.